आन्सेल्मचे आदाम-हव्वा

आमच्या गल्लीतला आन्सेल्म कुद्रे फळं अशी रंगवायचा, की चित्र बघून गिऱ्हाईक आधी आवंढा गिळायचं आणि मग किंमत विचारायचं. पण पॅरिसात फळंवाल्या चित्रकाराला मान किती? चित्रकारांच्या सभेत पुढच्या बाकावर संत आणि लढाया रंगवणारे. मागे चेहरेवाले, त्यांच्यामागे डोंगरझाडंवाले आणि पार दाराशी फळंवाले. पुढच्या बाकावरच्या काहींचे संत ओळखायला खाली नाव लिहावं लागे, ती गोष्ट वेगळी.

पन्नाशीला आन्सेल्मने हट्टच धरला. सभेत शिरायचं ते पुढच्या बाकावर. प्रवेशासाठी एक चित्र द्यावं लागतं. त्याने पुरुषभर उंचीचे आदाम-हव्वा काढायला घेतले, शेजारी टोपलीभर फळं.

अडचण अशी, की उघडा माणूस समोर बसवून चित्र काढायची मुभा सभेतल्यांनाच. आन्सेल्मने जन्मभर निरखली ती फळं. त्यामुळे हव्वेचे खांदे नासपतीसारखे उतरले, आदामाचं पोट खरबुजासारखं सुटलं आणि दोघांच्या गालांवर पीचची लव आली.

मी त्याचा शेजारी, चित्रांच्या चौकटी करणारा. मला विचारतो, “आदाम कसा वाटतो?”

“पिकलाय,” मी म्हणालो.

“दाबून बघू नका, भावजी,” त्याची बायको पेरीन म्हणाली, “डाग पडेल.”

सभेची मंडळी केसांचे टोप सावरत चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि माणसं सोडून सगळीकडे बघत राहिली. निकाल आला: फळं अप्रतिम. तेवढी माणसं पुसावीत, म्हणजे कुद्रे यांना दाराशी जागा देता येईल.

आन्सेल्म दोन दिवस धड जेवला नाही. “सहा महिने खपलो गं या दोघांसाठी.”

“अहो, प्रत्यक्ष देवानं बागेतून काढलं त्यांना. तुम्हाला कसला संकोच?”

“पण पुढचा बाक गेला ना.”

“त्या बाकावरच्या कुणाचं चित्र बघून तुम्हाला कधी भूक लागलीय?”

तिसऱ्या दिवशी त्याने ब्रश उचलला. आदाम तासाभरात झुडपात गेला. हव्वेला अख्खा दिवस लागला.

शनिवारी तो सभेला निघाला, तेव्हा पेरीनने त्याच्या गळ्याभोवती लोकरीचा रुमाल गुंडाळला. “दाराशी वारा लागतो.”

आन्सेल्मने रुमालाची टोकं निमूट कोटात खोचली. पण गल्लीतून जाताना चाल मात्र सभासदाची होती.