वडिलांच्या रकान्यातली रेघ

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले. चर्चच्या मागच्या अंगाचं छोटंसं ऑफिस. उजवीकडे लोखंडी कपाट. कडी लागत नाही म्हणून त्याचं एक दार कायम अर्धवट उघडं. मधोमध लांब टेबल, त्यावर चामडी पुठ्ठ्याची जाडजूड वही. खिडकीतलं ऊन नेमकं त्या वहीवर, जणू कुणी मुद्दाम दिवा लावून ठेवलाय. टेबलामागे सेक्रेटरीबाई, समोर चहाचा कप, कपाळावर एक आठी. आणि डावीकडच्या दारातून, हातात भिंग, खांद्याला कापडी पिशवी, पायांत करकरणाऱ्या चपला अशा थाटात प्रवेश होतो तो टपालआत्यांचा.

“आलात?” सेक्रेटरीबाई म्हणाल्या. हा सातवा गुरुवार होता.

“आले. आणि बिस्किटं आणलीत. आता ती आठी उतरवा.”

आत्यांचं वय एकाहत्तर. चौतीस वर्षं त्यांनी पोस्टात टपाल छाटलं. समोर खणांची फळी, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि नजर पत्त्यावर पडते न पडते तोच पत्र आपल्या खणात. डॉक्टरांचं अक्षर, प्रेमात पडलेल्यांचं अक्षर, चिडून दाबून लिहिलेलं अक्षर, सगळी त्यांच्या ओळखीची. ज्या पाकिटापुढे बाकीचे हात टेकायचे ते आत्यांकडे यायचं. त्या डोळे बारीक करायच्या, दोनदा ‘हं’ म्हणायच्या, की पाकीट मार्गी लागलं. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. थोरल्या भावाच्या घरी राहिल्या आणि भाच्यांनी त्यांचं नाव टपालआत्या ठेवून दिलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच पाकीट हाती घेतलं होतं. ते होतं आजीचं.

आजी म्हणजे आईची आई. तिच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल घरातल्या पेटीत होती. वधूचं नाव, वराचं नाव, तारीख, सगळं जागच्या जागी. ‘वधूचे वडील’ या रकान्यात मात्र एक आडवी रेघ. आजी विधवा होऊन मुलीला घेऊन नव्या गावात आली, शाळेसाठी चर्चकडून ही नक्कल मागवली, आणि त्या रेघेने जन्मभर तिचा पिच्छा पुरवला. शेजारणी कुजबुजायच्या, हिला बाप नाही. आजी ताठ मानेने सांगायची, “माझे वडील इथल्या चर्चमध्ये नाही का असतात, तसे धर्मगुरू होते.” झालं! कॅथलिक धर्मगुरूला बायकामुलं नसतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खरं सांगून बिचारीची उरलीसुरली अब्रूही गेली. शेवटी तिने तो विषयच तोडला. आत्यांची आई मात्र जाईपर्यंत म्हणत होती, “ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती गं.”

ती रेघ आत्यांच्या डोळ्यांत सलायची. तिच्या जागी नाव यायला हवं होतं, आणि तेही पुराव्यानिशी.

म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर बुटांचे अठरा रिकामे खोके मांडले गेले. जन्म, लग्न, मयत अशा टिपणांची छाटणी सुरू झाली.

“आम्ही जेवायचं कुठे?” दादांनी विचारलं. दादा म्हणजे थोरला भाऊ, निवृत्त हेडमास्तर.

“पणजोबांना थोडं सरकव आणि बस.”

“चेष्टा पुरे. इतकी वर्षं लोक फक्त बाप नाही म्हणत होते. तू काहीतरी भलतंच उकरून काढलंस तर? फादरने मुलगी जन्माला घातली असा बोभाटा होईल.”

“होऊ दे. रेघेपेक्षा बोभाटा बरा. त्यात निदान माणूस तरी असतो.”

“माणूस असो की रेघ,” वहिनी आतून ओरडल्या, “जेवण गार होतंय!”

सहा गुरुवारांत आत्यांना बरंच सापडलं होतं. आजीच्या बाप्तिस्म्याची वही वाळवीने फस्त केलेली. पण शेजारच्या चर्चच्या मयतांच्या वहीत एका शाळामास्तराची बायको मिळाली; वय सव्वीस, मागे नवरा आणि आजीच्याच नावाची चार वर्षांची मुलगी. त्याच मास्तराचं नाव, अगदी तेच, आठ वर्षांनी या चर्चच्या वहीत धर्मगुरू म्हणून सही करताना दिसलं. आत्या चक्रावल्या. त्यांनी इथल्या तरुण फादरना गाठलं.

“त्यात काय, आत्या? विधुर माणूस धर्मगुरू होऊ शकतो की,” फादर म्हणाले. “बायको देवाघरी गेली, मुलगी मावशीकडे वाढली, असं घडायचं.”

“मग हे मला पहिल्या गुरुवारी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसत्या वह्या मागत होता.”

तरी आत्यांचं समाधान झालं नाही. एका नावाची दोन माणसं असू शकतात. पोस्टात काम केलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. खरं उत्तर आजीच्या लग्नाच्या मूळ नोंदीत होतं, आणि ती वही बाइंडरकडे गेलेली. आज ती परत आली होती.

आत्यांच्या पाठोपाठ दादाही आले. पिशवी उचलायला म्हणून आलो, असं ते म्हणाले. खरं तर बहिणीला वेळेवर आवरायला आले होते.

फादरही येऊन टेबलाशी उभे राहिले. पान उघडलं. वधूचं नाव. वराचं नाव. वधूचे वडील: मास्तरांचं नाव, स्वच्छ. विधी करणारा धर्मगुरू: पुन्हा तेच नाव. आणि दोन्हींच्या मध्ये कुणीतरी पेन्सिलीने काढलेलं मोठ्ठं प्रश्नचिन्ह.

सेक्रेटरीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “हे आमच्या जुन्या कारकुनांचं. फार काटेकोर होते म्हणे. एकच नाव दोनदा दिसलं, त्यांना वाटलं फादरांनी गडबडीत भलत्याच रकान्यात लिहिलं. नक्कल करताना तिथे रेघ ओढून चूक दुरुस्त केली.”

“म्हणजे माझा पणजोबा दुरुस्त केला!”

“पण कारकून बरोबर असतील तर?” दादा दारातूनच म्हणाले. “चूक कुणाचीही होते.”

आत्या आणखी खाली वाकल्या. त्यांचं भिंग पानाच्या टोकाला, शेऱ्याच्या रकान्यात थांबलं होतं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत दोन शब्द खरडलेले. फादर वाकून बघायला लागले.

“लॅटिन दिसतंय. पण हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?”

“अक्षर माझ्यावर सोडा, अर्थ तुम्ही बघा.” आत्यांनी डोळे बारीक केले. “हं. हं. सहीत आहे तसंच शेपटीवालं अक्षर. फि... लि... आ. मे... आ. फिलिआ मेआ.”

फादर सरळ उभे राहिले. हसू त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं.

“‘माझी मुलगी.’ आत्या, मुलीचं लग्न त्यांनी स्वतः लावलं, आणि कुणी शंका घेऊ नये म्हणून लिहूनही ठेवलं!”

दादा टेबलापाशी आले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि हेडमास्तरी आवाज कुठल्या कुठे गेला. “आजी खरं बोलत होती गं.”

“मग? मी काय अठरा खोके हौस म्हणून मांडले?” म्हणताना आत्यांनी भिंगच पदराने पुसलं, आणि मग डोळे.

सेक्रेटरीबाईंनी बिस्किटांचा पुडा सगळ्यांपुढे फिरवला, कोरा फॉर्म ओढला आणि वडिलांच्या रकान्यात ठसठशीत नाव लिहिलं. शिक्का मारला. फुंकर घातली. दादांनी कागद घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

“थांब, दादा,” आत्या म्हणाल्या. “बाई, हा पोस्टानेच पाठवा. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं मार्गी लावली. माझा पणजोबा मी दारात उभी राहून, पोस्टमनच्या हातून घेणार.”