शंभराव्या ओळीच्या खाली

आधीच सांगून टाकते, गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर थट्टाच केली आहे. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला हाका ऐकू येतात... मी म्हणायची, लॉग दाखवा, मशीनची वेळेसकट नोंद दाखवा, मग बोलू. माझं कामच ते आहे. वेगवेगळी ॲप्स एकमेकांना जोडून ऑफिसांची कारकुनी आपोआप होईल अशी सोय मी करून देते. घर विरार पूर्वेला, चंदनसारला. मूळ साताऱ्याकडची. देवधर्म बेताचा, आणि भुताखेतांना तर मी कधी दारातही उभं केलं नाही.

माझ्या मुलीच्या जुन्या टीचर, फिलोमिना टीचर, माणिकपूरला राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी रक्तदात्यांची यादी सांभाळायला घेतली. कुठून फोन आला की वही उघडायची आणि त्या रक्तगटाच्या एकेकाला फोन लावायचा. तास-दीड तास जायचा. एकदा त्यांचा आवाज पार बसलेला ऐकून मीच म्हटलं, "टीचर, हे आता मशीन करेल. तुम्ही फक्त रक्तगट आणि हॉस्पिटल टाका."

"मशीन माणसं ओळखेल का गं?"

"ओळखायला कशाला हवीत? मेसेज गेला की झालं."

वहीची शीट झाली. टीचरची एकच अट — नावं गावावार हवीत, कारण त्यांना माणूस गावावरूनच आठवतो. लावली गावांच्या अक्षरक्रमाने. अर्नाळा, आगाशी वर. वाघोली, विरार, सांडोर, सोपारा तळाशी. शीट आणि मेसेज यांना जोडणारा तयार कनेक्टर बसवला. चाचणीचा मेसेज माझ्याच नंबरवर यायचा, दर वेळी बिनचूक. टीचरने मला घरी केलेला केक दिला.

वर्षभर उत्तम चाललं. फक्त टीचर अधूनमधून कुरकुरायच्या, "वाघोलीवाले पूर्वी पहिले धावायचे. हल्ली एक येत नाही. माणसं बदलली." मीही मान डोलवायची. म्हणायची, लोक मेसेज वाचतच नाहीत हो.

नाताळच्या आदल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, माणिकपूरजवळच्याच एका हॉस्पिटलमधून मागणी आली. बाळंतपणानंतर एका मुलीचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं, आणि रक्तपेढीत शिल्लक नव्हतं. अकरा सहाला मेसेज गेले. मी त्या दिवशी टीचरकडेच होते, म्हणून दोघी हॉस्पिटलला गेलो. उत्तरं येत गेली. एक जण गोव्याला, एकाने महिन्यापूर्वीच दिलेलं, एकीला ताप. बाहेर बाकावर त्या मुलीची आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. ती कुणाला काही विचारत नव्हती.

साडेअकराला स्कूटरवरून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. पँटच्या टोकांना ओली माती. टीचरशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले, ते मला नीट कळलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी आग्नेल, वाघोलीचा. वाडीत पाणी सोडत होतो, तुमचा मेसेज बघितला तसा निघालो. कुठं झोपायचं सांगा."

त्यांचं रक्त लागलं. दुपारी विरारहून दुसरी पिशवी मिळाली. मुलगी वाचली. आई तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि खरं सांगते, मीही रडले.

कोण आलं याची नोंद मी दर वेळी शीटमध्ये करते. संध्याकाळी लॉग उघडला, तर त्यात आग्नेल नव्हतेच. कनेक्टरने पाठवलेल्यांत नाही, रक्तगट जुळत नाही म्हणून गाळलेल्यांतही नाही. मग नीट मोजलं. कनेक्टर शीटमधून बरोबर शंभर ओळी उचलत होता. शंभरावी ओळ रानगावची. त्याखालच्या अडतीस ओळी त्याने कधी वाचल्याच नव्हत्या. पहिली शंभर नावं हीच त्याची मर्यादा, आणि ती वाढवायचा पर्याय आत कुठेतरी दडलेला. चूक झाली असंही तो सांगत नाही. रोज हिरवी टिक दाखवतो. माझं चंदनसार वर, म्हणून माझी चाचणी नेहमी पास.

म्हणजे वाघोलीवाले बदलले नव्हते. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

आग्नेल एकशे बाराव्या ओळीवर. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वाडीवर गेले. त्यांनी हात पुसून फोन दिला. मेसेज होता. अकरा सहा, त्या मुलीचं नाव, वॉर्डचा नंबर, शब्द न् शब्द आमचाच. कुणी पुढे पाठवला असता तर पाठवणाऱ्याचा नंबर दिसला असता. इथे आमच्या यंत्रणेचंच नाव होतं. मेसेज पोचवणाऱ्या कंपनीकडून यादी मागवली. तीत या नंबरवर त्या दिवशी काहीच गेलेलं नाही. खालच्या अडतिसांत आणखी दोघे ओ निगेटिव्ह आहेत. त्यांना विचारलं, त्यांना काही आलं नव्हतं.

निघताना आग्नेलना मी एक विचारलं. गणपतीच्या सुमारास सोपाऱ्याचे एक गृहस्थ अपघातात सापडले होते. त्यांनाही ओ निगेटिव्हच हवं होतं. आमच्या यादीतून कुणीच गेलं नाही. मुंबईहून रक्त येईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि ते गेले. तेव्हाचा मेसेज आला होता का?

त्यांनी फोन वर-खाली करून पाहिला. "नाही. आला असता तर गेलो नसतो का? वीस मिनिटांवर तर आहे."

शंभराची मर्यादा मी लॉग पाहिला त्याच रात्री काढली होती. टीचरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाघोलीत मी जाऊन माफी मागते. सोपाऱ्याला तुला जावं लागेल."

गेले. त्या गृहस्थांच्या पत्नी, नीलमताई, शाळेत क्लार्क आहेत. शंभर ओळी, हिरवी टिक, आग्नेल... सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की वेळेत रक्त मिळालं असतं तरी खात्री नव्हती. ते मी मुद्दाम बोलले नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"चूक कळली मला," त्या म्हणाल्या. "मशीन शंभरावर थांबायचं, म्हणून आमचा मेसेज अडकला. पण त्या मुलीच्या वेळीही ते शंभरावरच थांबत होतं ना? मग तो कोणी सोडला?"

मी म्हटलं, माहीत नाही. अजूनही माहीत नाही. तेव्हापासून लॉग इतक्यांदा वाचलाय की वेळांसकट पाठ झालाय.

तुमच्यापैकी कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहा. देवाचं लिहा, नेटवर्कचं लिहा, काहीही. फक्त लिहिताना एवढं ध्यानात ठेवा, ते मला नीलमताईंना वाचून दाखवायचं आहे.