नाबादचा तिसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत चौतीस वर्षं कार्डं लिहिणाऱ्या बाईंना सगळे कार्डताई म्हणत. एका शब्दाला एक कार्ड, त्यावर अर्थ, खाली वापर. निवृत्तीला तीन महिने उरले असताना त्यांच्या वाट्याला ‘नाबाद’ आला. संपादक म्हणाले, दोन ओळींत उरका.

ताईंनी जन्मात क्रिकेटचा सामना पाहिला नव्हता. थोरला भाऊ मात्र क्लबच्या सामन्यांत पंच होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, जो बाद झाला नाही तो नाबाद. ताईंच्या मते ही व्याख्या नव्हे, उडवाउडवी होती. शेवटी कंटाळून दादाने रविवारी त्यांना मैदानावर नेऊन गुणलेखकाशेजारी बसवलं.

दुपारी एका फलंदाजाच्या पोटरीत गोळा आला आणि तो लंगडत तंबूत परतला. ताई चहाच्या सुट्टीपर्यंत कशाबशा थांबल्या. मग दादाला गाठून, याला कशात धरायचं, ते विचारलं. दुखापतीने गेला तर नाबाद, दादाने समजावलं. पण धडधाकट माणूस आपणहून गेला आणि परत आला नाही, तर तो बाद.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तीन अर्थ लिहून दिले. पहिला खेळातला. दुसरा शेजारच्या आजोबांच्या वाढदिवसाच्या फलकावरचा, ‘नाबाद ऐंशी’. तिसरा मैदान सोडून गेलेल्यांचा. हा कोण वाचणार, म्हणत संपादकांनी तिसऱ्यावर काट मारली. ताईंनी तो पुन्हा लिहिला. असं चारदा झालं. दोघांचं चहाच्या वेळचं बोलणंही तुटलं.

निरोपाच्या दिवशी संपादकांनी भाषण केलं. ताईंची चौतीस वर्षांची खेळी नाबाद राहिली, असं ते म्हणाले. टाळ्या थांबल्यावर ताई उठल्या.

“मला काही दुखलंखुपलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “धडधाकट जाते आहे. म्हणजे मी बाद. तुम्ही काट मारलीत, त्यात होतं ते.”

संपादकांनी चष्मा पुसला.

“अशा माणसाला परत खेळायला येता येतं का?”

“समोरच्या कर्णधाराची हरकत नसेल तर.”

“मग तो मीच असणार,” संपादक म्हणाले. “माझी हरकत नाही. ‘प’ अख्खा लिहायचा पडलाय.”

‘नाबाद’चं कार्ड मागवून त्यांनी तिथेच तिसऱ्या अर्थापुढे ‘राहू द्यावे’ असा शेरा मारला. घरी जाताना ताईंना रस्त्यात रडू आलं. निरोपाचं घड्याळ आता परत करायचं का, हे त्यांनी दादाला विचारलं. याबद्दल नियम नाही, तो म्हणाला.

सोमवारी त्या हजर झाल्या. खुर्ची नव्या मुलीला दिली होती. मग खिडकीपाशी स्टूल ओढून बसल्या आणि ‘पंखा’ लिहायला घेतलं.