शेवग्याजवळचा खुंटा

उमरेडहून लग्न होऊन आलेल्या रुख्माबाईचं तांडापेठेतलं घर तिच्या हातमागावरच चालत होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. १९७२ च्या श्रावणात माग चालवणाऱ्या तिच्या हातांवर लाल पुरळ उठलं. मानेवरही आग होत होती. हळद झाली, कडुलिंबाच्या पाल्याचा काढा झाला, फरक पडेना.

पावसानं उघडीप दिली होती. गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, लांब पसरून त्याला खळ लावायची, म्हणजे पाजण करायची, तर चार बायका हव्यात. शेजारीण जनाबाईनं दारातूनच सांगितलं, "तुले खरूज झाली वं रुख्मे. आमच्या पोरी तुह्या ताण्याले हात नाही लावत."

बाकीच्याही घरात गेल्या. खळ शिजवून झाली होती. दुसऱ्या दिवशी आंबली असती. पाजण नाही तर माग बंद.

रुख्माबाई ओट्यावर बसली आणि हात निरखू लागली. खरूज तिनं लहानपणी पाहिली होती. ती बोटांच्या बेचक्यांत होते. तिच्या बेचक्या स्वच्छ होत्या. पुरळ कोपरापर्यंत आणि मानेवर, जिथं वाहून नेताना ताण्याची गुंडाळी टेकते तिथंच. मागच्या खेपेचा, आता मागावर चढलेला ताणा तिनं जनाबाईच्या शेवग्याखालच्या खुंट्याला बांधला होता. ती उठून झाडाजवळ गेली. खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजकेच पुंजके होते.

मागावरच्या त्या ताण्याच्या शेवग्याकडल्या टोकावर तिनं एक फडकं फिरवलं, दुसऱ्या टोकावर दुसरं. पहिलं एका पायाला बांधलं, दुसरं दुसऱ्याला, आणि जनाबाईच्या दारासमोर जाऊन बसली. जनाबाई म्हणाली, ही आता पायालाही खरूज लावून घेते. रुख्माबाई हलली नाही. दुपारी फडकी सोडली. एक पाय सुजून लाल झाला होता, दुसरा जसाच्या तसा.

जनाबाईनं दोन्ही पाय पाहिले, मग शेवग्याकडे पाहिलं. "मग काय शेवगा तोडायचा?"

"झाड राहू दे. खुंटा हलव."

खुंटा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ठोकला. सुरवंटांचे केस चिकटलेलं चार हात सूत रुख्माबाईनं मागावर जाऊन स्वतः कापून टाकलं. कापताना तिचा जीव तुटत होता. नव्या ताण्याच्या पाजणीला पहिला कुंचा जनाबाईनं धरला, दोन्ही हातांना कापड गुंडाळून. रुख्माबाईनं ते पाहिलं आणि खळीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.