पट्टी उलटी बसली

सगळी गल्ली तिला काजकाकू म्हणायची. टेलरमास्तर कापायचे, शिवायचे. काज-बटण मात्र बायकोचं. उभा जन्म त्यात गेला, पण तिचं काज कधी उसवलं नाही.

मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. हातही जरा थरथरायला लागला. लेकीने दाढीचं मशीन आणून ठेवलं, त्याच्याकडे मास्तर ढुंकून बघेनात. स्वतःच्या वडिलांचा पितळी रेझर, गरम पाणी, वाटीत घोळवलेला साबण, अशी त्यांची सकाळ. फेस गालावर चढला की डोळे मिटून गुणगुणायचे.

शेवटी बापलेकीचा तह झाला. आज तिच्यासमोर दाढी करायची. रक्त दिसलं तर रेझर ती घेऊन जाणार.

"एक थेंब जरी आला ना बाबा, मग माझं ऐकायचं."

"जन्मभर लोकांची मापं घेतली. मला माझा गाल ठाऊक नाही होय?"

काजकाकू दारात उभी होती. त्यांच्या बोटांना पातं लागायला नको म्हणून आज तिनेच रेझर धुऊन, नवं पातं घालून जुळवला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. मनातल्या मनात देवाचं नाव चाललं होतं.

ब्रश फिरला, फेस दाटला. मास्तरांनी रेझर उचलला, खिडकीतला उजेड त्यावर पडला आणि काजकाकूला चूक दिसली. पात्याला आवर घालणारी खालची पट्टी तिने उलटी बसवली होती. दोन्ही धारा उघड्या पडल्या होत्या.

बोलावं तर लेक म्हणणार, बघा, तुम्हा दोघांनाही आता हे झेपत नाही. न बोलावं तर... रेझर कानशिलाशी पोचला.

"अहो, थांबा. पट्टी उलटी बसलीय. माझ्याकडूनच."

लेकीने हात पुढे केला. "झालं? द्या तो इकडे."

"रक्त आलंय का? नाही ना? मग दम धर." मास्तरांनी रेझर मागे घेतला.

मास्तर दांडा सोडवायला गेले. बोटं थरथरत होती, सैल झालेलं पातं आत खुळखुळत होतं. काजकाकूने रेझर काढून घेतला, पट्टी सुलटी केली, दांडा घट्ट पिळला. त्यांनी हात पुढे केला, पण तिने रेझर दिला नाही.

"मान वर करा."

"अगं, मिशीला काज पाडशील."

"बोलू नका, गाल हलतो."

गाल झाले, हनुवटी झाली. गळ्यापाशी शीर उडत होती. काज करताना कापड ताणतात तशी तिने बोटांनी कातडी ताणली, श्वास धरला आणि पातं हलकेच खाली आणलं. लेक बेसिनवर वाकून बघत होती.

मास्तरांनी गरम टॉवेल तोंडावर दाबला. लेकीने तो ओढून घेतला, उजेडात धरून उलटसुलट बघितला. पांढराच होता. तिने मशीन खोक्यात घातलं.

"आणि उद्या कोण करणार?"

"तुझी आई," गालावरून हात फिरवत मास्तर म्हणाले. "पण आधी पट्टी मी बघणार."