देवघरातली इटालियन गाडी

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी इटालियन गाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तरी अशाच एका गाडीपायी आमचे तीन वर्षांचे रविवार गेले.

नव्वदनंतरची गोष्ट. हे बारामतीला एसटी डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर लाल एसट्यांखाली आडवं व्हायचं आणि घरी आल्यावर हात धुऊन परदेशी मासिकातल्या दुसऱ्या लाल गाड्या बघत बसायचं. त्यांच्या एका मित्राचं इंदापुरात हायवेला टायरचं दुकान होतं. दोघांचं वेड एकच, त्यामुळे एकाला समजवायला दुसऱ्याचा काही उपयोग नव्हता.

टायरवाल्यांनी एकदा बातमी आणली. कुणा संस्थानिकाच्या मुलानं पूर्वी इटलीहून मागवलेली बारा सिलिंडरची गाडी हातोहात फिरत इंदापूर तालुक्यात आली होती म्हणे. अशा गाड्या जगात मोजक्या. त्यातली प्रत्येक कुणाकडून कुणाकडे गेली, याची वही ठेवणारे लोक असतात, हे मला तेव्हा कळलं. मुंबईत असे एक गृहस्थ होते. ह्यांनी त्यांना पत्र घातलं. उत्तर आलं, की अशा एका गाडीचा पत्ता लागत नाही खरा. चॅसिस नंबर दाखवलात तर नोंद करू. शेवटी एक ओळ होती, 'एरवी लोक पुष्कळ काही सांगतात.'

ती ओळ ह्यांच्या मनाला लागली. डेपोत आधीच त्यांना 'इटलीवाले' म्हणायचे. एखादी एसटी चालू होईना की हाक यायची, "इटलीवाले, या, जरा धक्का मारा!"

मग शोध सुरू झाला. दोन अनोळखी पुरुष दारात उभे राहून जुन्या गाडीची चौकशी करू लागले की लोकांना ते पोलीस वाटायचे. बाई बरोबर असली की निदान पाणी मिळायचं. म्हणून मी. माझं भांड्यांचं दुकान रविवारी बंद असायचं. माळेगावच्या एका रिटायर ड्रायव्हरनं गाडी निळी होती म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पांढरी. तिसऱ्यानं तर ती उडायची असं सांगितलं. टायरवाल्यांनी तीनदा विचारलं तेव्हा कुठे ती रस्त्यावर उतरली.

अखेर इंदापूरजवळ डाळिंबाच्या बागेत एक आबा भेटले.

"व्हय, हुती की," ते म्हणाले. "लई बुटकी. बांधावरनं नेली की पोट घासायची. मंग इंजिन काढलं आन् बसवलं हिरीवर."

टायरवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"पाणी उपसलं का त्यानं?" मी विचारलं.

"उपसलं की! पर जेवढं उपसलं त्याच्यापेक्षा तेल जास्त प्यालं. आठ दिसांत बंद केलं."

सांगाडा भंगारात गेला होता. एक दार तेवढं कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेलं होतं. ह्यांनी ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कान लावून त्याचा आवाज ऐकला. तोवर सगळ्या कोंबड्या बाहेर.

चॅसिस नंबराची पितळी पट्टी आबांनी काढून ठेवली होती. "माळ्यावर आसंल. पुढच्या ऐतवारी या, हुडकून ठिवतो."

ह्यांना दम कुठला! मुंबईला फोन गेला आणि पुढच्या रविवारी ते गृहस्थ पांढरे बूट घालून, वही काखेत मारून हजर झाले. माळा उपसला. पट्टी नाही. ह्यांचा चेहरा उतरत चालला होता, तेवढ्यात आबांची सून देवघरातून काहीतरी पदरात धरून बाहेर आली.

"ही म्हंता का तुमी? आवो, ह्यो तर टाक हाय देवाचा!"

आबांनी ती कधीतरी देवघराच्या फळीवर ठेवली असणार. सून लग्न होऊन आली, तिला देव घासायला सांगितले, तिनं देवांचे ठसे असलेल्या इतर टाकांबरोबर हाही घासला. चिंच लावून, राखेनं, वीस वर्षं. हळदकुंकू, नैवेद्य, सगळं रीतसर. पट्टी आरशासारखी लखलखत होती आणि तिच्यावर एक आकडा शिल्लक नव्हता.

गृहस्थांनी तीत स्वतःचा चेहरा पाहिला आणि वही मिटली. "तुमची चूक नाही," ते ह्यांना म्हणाले, "पण कोऱ्या पट्टीची नोंद कशी करू?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि गाडी सापडल्याचं ह्यांनी डेपोभर सांगून ठेवलं होतं.

माझ्या दुकानात महिन्याला एखादी तरी बाई घासून नाव गेलेला हंडा घेऊन यायची. जावेशी भांडण, हंडा कुणाचा म्हणून. नाव कोरायचं मशीन यायच्या आधी भांड्यावर नाव ठोकून घालायचे. ठोकलेलं नाव बाहेरून झिजतं, पण आतून हात फिरवला की बोटांना लागतं. मी पट्टी उलटी केली. मागं तेलकुंकवाचा काळा थर.

"मागची बाजू घासत नाही का?" मी सुनेला विचारलं.

"पाठ कोन घासतंय, ताई? देव भितीला टेकल्याला असतो."

रॉकेलच्या बोळ्यानं थर काढला. बोटांना उंचवटे लागले. गृहस्थांच्या वहीचं मागचं कोरं पान मागितलं, ते त्यांनी नाइलाजानं फाडून दिलं. पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासली, मुलं नाण्याचा छाप काढतात तशी. आकडे उलटे उमटले. कागद पालटून उन्हात धरला, ते सुलटे झाले. ह्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. गृहस्थांचं बोट वहीतल्या यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हीच," ते म्हणाले. टायरवाल्यांनी आबांना मिठी मारली. आबा दचकले.

गृहस्थ पट्टी मागू लागले तेव्हा मात्र सून फिरली. "टाक कुनी देतं व्हय? वीस वर्सं निवद दावलाय म्या."

"आगं, गाडीची पट्टी हाय ती," आबा म्हणाले.

"मंग आता गाडीचा देव म्हना."

पट्टी धुऊन, कुंकू लावून पुन्हा फळीवर गेली. गृहस्थांनी पांढरे बूट काढून देवघरात तिचा फोटो घेतला. मग ओट्यावर बसून नोंद लिहायला घेतली. शोध कुणी लावला, या रकान्याशी त्यांचं पेन थबकलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांचं नाव लिहा," मी म्हटलं. सोमवारी डेपोत मला जायचं नव्हतं, त्यांना जायचं होतं.