कानाशी मोडलेली काडी

वाळलेल्या गवताचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. मुरबाडजवळ गवत जाळून वीज तयार करणाऱ्या कारखान्यात मी गवताची खरेदी बघायचो. एकदा डोळखांबच्या सुनंदाताई टेम्पो भरून आल्या आणि ओलावा मोजायच्या यंत्राने त्यांचा माल ओला दाखवला. त्यांनी गठ्ठ्यातली एक काडी ओढून माझ्या कानाशी कटकन मोडली.

"वाजली ना, भाऊ? वली असती तर वाजती का?"

मी टेम्पो परत पाठवला. मागोमाग साहेबांच्या ओळखीच्या ठेकेदाराचा ट्रक आला. त्यातून पाणी गळत होतं, पण त्याला कुणी यंत्र लावलंच नाही. फाटक मीच उघडलं.

इतकी वर्षं मी त्या यंत्राला आणि साहेबांना शिव्या घालतोय. पण काडीचा आवाज त्यांनी नाही, मी ऐकला होता.